प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते



मागच्या महिन्यात आमच्या आरोग्य केंद्रात एक काकू आल्या. खांद्यामागे लिंबाएवढी गाठ. किती दिवसांपासून आहे, विचारलं तर म्हणाल्या, "चार वर्षं झाली, सिस्टर. कॅन्सर निघाला तर काय करायचं, म्हणून कुणाला सांगितलंच नाही." शेवटी कुणाचं तरी ऐकून त्यांनी गाठीवर बिब्बा लावला. कातडी भाजली, फोड आले, गाठ होती तिथेच राहिली. केंद्रात आल्या त्याही फोडांसाठी!

डॉक्टरांनी तपासलं. ती होती चरबीची साधी गाठ. तिला लायपोमा म्हणतात.

आपल्या शरीरात अवयवांना आधार देणाऱ्या, त्यांना जोडून ठेवणाऱ्या ऊती असतात. चरबी त्यांतलीच एक. कधी कातडीखाली चरबीच्या पेशी एका जागी वाढतात आणि गाठ होते. पाठ, खांदा, मान, दंड, मांडी इथे ती जास्त दिसते. हाताला मऊ लागते, बोटानं दाबली की सरकते, सहसा दुखत नाही, आणि वर्षानुवर्षं हळूहळू वाढते. ती शरीरात दुसरीकडे पसरत नाही. एकीची दुसरीला लागतही नाही. त्रास नसेल तर तशीच राहिली तरी चालते. ओझं उचलताना दुखत असेल, कपड्याला घासत असेल, तर बहुतेक वेळा तेवढीच जागा बधिर करून डॉक्टर ती काढतात.

पण गाठ साधी आहे, हे आपण घरी ठरवायचं नाही. गाठ टणक असेल, हलत नसेल, भराभर वाढत असेल, दुखत असेल किंवा पाच सेंटीमीटरपेक्षा, म्हणजे मोठ्या लिंबापेक्षा मोठी असेल, तर लगेच दाखवा. डॉक्टर सोनोग्राफी करतील, गरज पडली तर गाठीचा तुकडा तपासायला पाठवतील. आणि स्तनातली किंवा काखेतली गाठ कितीही लहान असो, दुखत नसली तरी दाखवायचीच. तिथे लाज नको.

बिब्बा, चुना-गूळ, डाग देणं, सुईनं टोचणं, यातलं काहीही करू नका. यानं गाठ जात नाही, जखम मात्र चिघळते.

त्या काकू जाताना म्हणाल्या, "चार वर्षं उगीच जीव जाळला." मैत्रिणींनो, तुमच्या गटातही अशी एखादी गप्प बसलेली असेल. तिला विचारा, आणि आशाताईंना घेऊन तिच्यासोबत दवाखान्यात जा.