‘कळ काढ’ म्हणण्याआधी

मराठीत बाळंतपणाला एक फार बोलका शब्द आहे, सुटका. ‘सुनेची सुटका झाली’, ‘लेक सुखरूप सुटली’, ‘मोकळी झाली’ असे निरोप आपण लहानपणापासून ऐकत आलो. आमच्या घरांतून ‘जचगी’ हा शब्द चालतो. पण निरोप आल्यावर ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणताना जो सुस्कारा निघतो, तो शेजारच्या घरात ‘देवा, पावलास’ म्हणताना निघणाऱ्या सुस्काऱ्यासारखाच असतो. म्हणजे बाळंत होईपर्यंत बाई कशात तरी अडकलेली असते, हे आपल्या भाषेला पूर्वीपासून ठाऊक आहे.

त्याच भाषेत दुसराही एक शब्दप्रयोग आहे, ‘जरा कळ काढ’. थांब, सोस, वाट बघ. आमच्याकडे ‘सब्र कर’ म्हणतात. अवघडलेल्या बाईला शेवटच्या महिन्यात हा उपदेश दिवसातून दहा वेळा ऐकावा लागतो. बहुतेकींच्या बाबतीत तो बरोबरही असतो. आज मला बोलायचं आहे ते अशा बायकांविषयी, ज्यांचं गरोदरपण मुळातच जड गेलेलं असतं. कुणाचा रक्तदाब वाढलेला, कुणाला साखर निघालेली, कुणाचं आधीचं मूल पोटातच गेलेलं. अशी बाई नवव्या महिन्यात एक दिवस धीर करून विचारते, ‘डॉक्टर, चार-आठ दिवस आधी कळा आणता येतील का?’ आणि उत्तर मिळतं, ‘एवढी घाई कशाला?’

मी डॉक्टर नाही, कविता लिहिते. पण हा प्रश्न जितका वैद्यकाचा आहे तितकाच बोलण्याचा आणि ऐकून घेण्याचाही आहे, म्हणून त्यावर बोलायचा हक्क घेते.

आधी डॉक्टरांची बाजू पाहू. आपण ‘नऊ महिने नऊ दिवस’ म्हणतो. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून नऊ महिने आणि सात दिवस पुढे मोजतात, म्हणजे साधारण २८० दिवस, चाळीस आठवडे. पूर्वी सदतीस आठवडे झाले की ‘दिवस भरले’ असं मानलं जाई. २०१३ साली अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने या काळाचे तुकडे पाडले. सदतीस आणि अडतीस आठवड्यांना त्यांनी ‘लवकरचे’ म्हटलं आणि एकोणचाळिसावा पुरा झाल्यावरच ‘पूर्ण दिवस’ धरले. कारण या दोन-तीन आठवड्यांत बाळ पुष्कळ काही कमावतं. फुप्फुसं तयार होतात, मेंदू वाढतो, अंगावर पिण्याची ताकद येते. लवकर आलेल्या बाळाला श्वासाचा त्रास, कावीळ, अंगातली ऊब न टिकणं हे जास्त संभवतं. त्यामुळे डॉक्टर थांबा म्हणतात, ते काही हट्टाने नव्हे.

मात्र पोटात राहून बाळ जे कमावतं, त्याच्या समोरच्या पारड्यात काही वेळा धोकाही वाढत असतो. २००९ साली नेदरलँड्समधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३६ आठवडे उलटलेल्या आणि रक्तदाब वाढलेल्या, पण आजार अजून सौम्य असलेल्या ७५६ बायका त्यात होत्या. निम्म्या जणींना कळा आणल्या, निम्म्यांना लक्ष ठेवून थांबवलं. आईची तब्येत बिघडण्याचं प्रमाण थांबलेल्यांत ४४ टक्के होतं, कळा आणलेल्यांत ३१. आणि आधी कळा आणल्या म्हणून सिझेरियन वाढली, असंही दिसलं नाही. म्हणजे रक्तदाब वाढलेल्या बाईने सदतिसाव्या आठवड्यानंतर ‘आता आणायच्या का कळा?’ असं विचारलं, तर तो अगदी रास्त प्रश्न आहे.

माझ्या बहिणीच्या मुलीचं सांगते. पहिलंच बाळंतपण. छत्तिसावा आठवडा लागला आणि तिच्या तळहातांना, तळपायांना खाज सुटली. पुरळ नाही, गांधी नाहीत. रात्र झाली की खाज वाढायची. सासूबाईंनी मायेनं खोबरेल चोळलं. शेजारणी म्हणाल्या, कातडी ताणते, खाज येणारच. तपासणीला गेली तेव्हा तिने बाळंतपण लवकर करता येईल का म्हणून विचारलं. डॉक्टरबाई घाईत होत्या. ‘अजून महिना आहे, घाई कशाला?’ म्हणाल्या. सासूबाईंनी दुजोरा दिला, ‘जरा घाबरट आहे हो ती.’

रात्री तिचा मला फोन आला. म्हणाली, ‘खाला, खाज मी सोसेन. पण रात्रभर जागी राहून बाळ हललं का ते मोजत बसते, ते सोसवत नाही. मला कुणी सांगेल का, मी कशाची वाट बघतेय?’

दुसऱ्या खेपेला ती कागदावर लिहून घेऊन गेली. खाज कधी सुरू झाली, कुठे येते, रात्री किती वाढते. या वेळी डॉक्टरबाईंनी तो कागद वाचला आणि लगेच रक्त तपासायला पाठवलं. गरोदरपणात काही जणींच्या यकृतातून पित्त नीट वाहत नाही आणि पित्तातली आम्लं रक्तात साठतात. खाज त्याचीच असते. ही आम्लं फार वाढली तर बाळ पोटात दगावण्याचा धोका वाढतो. २०१९ साली हजारो बायकांच्या नोंदी एकत्र करून झालेल्या अभ्यासात दिसलं की धोका ठळकपणे वाढतो तो ही पातळी शंभरावर गेली की. ब्रिटनच्या तज्ज्ञांनी २०२२ साली दिलेल्या सूचनाही याच हिशेबाने आहेत. पातळी शंभर किंवा वर असेल तर पस्तीस-छत्तीस आठवड्यांत, चाळीस ते नव्व्याण्णव असेल तर अडतीस-एकोणचाळीस आठवड्यांत बाळंतपणाचा विचार करावा. त्याहून कमी असेल तर चाळिसाव्यापर्यंत थांबता येतं.

तिची पातळी अठ्ठावन्न निघाली. तिला पुढच्याच आठवड्यात सुटका हवी होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘सदतिसाव्यात नको. बाळाचं नुकसान जास्त, फायदा कमी. पण चाळीसपर्यंतही थांबवणार नाही. अडतीस पुरे झाले की सोमवारी दाखल व्हा. मधल्या दिवसांत दर आठवड्याला रक्त तपासू, पातळी वाढली तर तारीख अलीकडे घेऊ.’ भाचीने मागितलं होतं ते पूर्ण मिळालं नाही. तिला तारीख मिळाली आणि तारखेमागचं कारण मिळालं. त्या रात्री ती झोपली, असं तिची सासूच मला म्हणाली. सोमवारी सकाळी दाखल झाली, बुधवारी पहाटे मुलगी झाली, पावणेतीन किलोची.

सोमवार ते बुधवार हे मुद्दाम सांगितलं. कळा आणणं म्हणजे दिव्याचं बटण दाबणं नव्हे. पिशवीचं तोंड किती उघडलं आहे, किती पातळ आणि मऊ झालं आहे, ते कोणत्या बाजूला आहे आणि बाळाचं डोकं किती खाली उतरलं आहे, याला गुण देण्याची पद्धत एडवर्ड बिशप यांनी १९६४ साली मांडली. ती आजही वापरतात. गुण कमी असतील तर आधी जेल, गोळी किंवा छोटा फुगा वापरून तोंड मऊ करतात, मग सलाईनमधून ऑक्सिटोसिन देतात. हे प्रयोगशाळेत तयार झालं १९५३ साली, आणि ते बनवणाऱ्या व्हिन्सेंट द्यु विन्यो यांना १९५५ चं नोबेल पारितोषिक मिळालं. म्हशीला पान्हा फुटावा म्हणून गोठ्यात चोरून टोचतात ते हेच औषध. जपून, थेंबाथेंबाने, बाळाचे ठोके मोजत दिलं तर उपकारक, आणि घरी किंवा कुणा अर्धवट जाणकाराकडून सुई म्हणून टोचून घेतलं तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतं. घरच्या घरी एरंडेल पाजून कळा आणण्याचा उद्योगही करू नये. कधी दोन दिवस जातात, कधी कळा लागतच नाहीत आणि सिझेरियन करावं लागतं. आधी सिझेरियन झालेलं असेल तर काही औषधं चालतच नाहीत. हे सगळं माहीत करून घेऊनच मागणं मागावं.

‘घाई’ या शब्दाचा आपल्याला राग येतो, त्यालाही कारण आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात खासगी रुग्णालयांतल्या शंभर बाळंतपणांपैकी ४७ सिझेरियन होती, सरकारी रुग्णालयांत १४. लोकांच्या मनात संशय बसला आहे. दुसऱ्या बाजूने डॉक्टरांनाही कटू अनुभव आहेत. कुणी मुहूर्त काढून आणतं, कुणाला शुक्रवारच हवा असतो, कुणाला ईदच्या आत मूल घरी यायला हवं असतं. अशा मागणीला ‘नाही’ म्हणणं हे डॉक्टरांचं कामच आहे. पण मुहूर्त मागणारी आणि रात्रभर बाळाची हालचाल मोजणारी, या दोघींना एकच उत्तर देऊन चालणार नाही. त्यासाठी आधी ती काय म्हणते ते ऐकावं लागेल.

न ऐकण्याची किंमत केवढी असते, याचा एक खटला ब्रिटनमध्ये गाजला. नदीन माँटगोमेरी या मधुमेही आणि ठेंगण्या बाईंना १९९९ साली बाळ झालं. तिथे प्रश्न कळा लवकर आणण्याचा नव्हता, कसं बाळंत व्हायचं याचा होता. पण मुद्दा हाच. बाळ मोठं आहे, निभेल ना, असं त्यांनी पुनःपुन्हा विचारलं होतं. मधुमेही आईच्या बाळाचे खांदे अडकण्याचा धोका शंभरात नऊ-दहा एवढा असतो, हे त्यांना सांगितलं गेलं नाही. सांगितलं असतं तर सगळ्याच जणींनी सिझेरियन मागितलं असतं, असा खुलासा पुढे झाला. बाळाचे खांदे अडकले, त्याला प्राणवायू कमी पडला आणि ते जन्मभराचं अपंगत्व घेऊन आलं. मार्च २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की त्या बाईला महत्त्वाचा वाटेल असा धोका आणि त्यावरचे पर्याय तिला सांगणं हे डॉक्टरांचं कर्तव्य आहे.

आपल्याकडेही २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की सज्ञान बाई भुलीत असताना, जिवावरचा प्रसंग नसताना, तिच्या आईने दिलेली संमती चालणार नाही. जिथे सख्ख्या आईचा शब्द पुरत नाही, तिथे तपासणीच्या खोलीत सुनेच्या वतीने आपणच उत्तरं देणं कितपत योग्य, याचा आम्ही सासवांनी, माम्यांनी, खालांनी विचार करायला हवा.

सब्र म्हणजे गप्प राहणं नव्हे, हे मी मरियमच्या गोष्टीतून शिकले. कुराणात तिच्या बाळंतपणाचं वर्णन आहे. कळा असह्य होऊन ती खजुराच्या झाडाखाली येते आणि यापेक्षा मरण आलं असतं तर बरं, अशा अर्थाचे उद्गार तिच्या तोंडून निघतात. त्याबद्दल तिला कुणी दटावत नाही. दुःख करू नकोस, असा दिलासा मिळतो आणि पायाशी पाणी, माथ्यावर खजूर, म्हणजे त्या घटकेला लागणाऱ्या गोष्टी मिळतात. अरबीत गर्भाशयाचा शब्द आणि ‘रहमत’ हा शब्द एकाच धातूपासून आले आहेत.

तेव्हा बहिणींनो, मनात प्रश्न असेल तर विचारा. चार गोष्टी कागदावर लिहून न्या. मला आणखी थांबवण्यात बाळाचा फायदा काय? थांबण्यात धोका काय? आज कळा आणल्या तर लागतील का, आणि नाही लागल्या तर पुढे काय? थांबायचंच असेल तर कोणत्या तारखेपर्यंत, आणि मधल्या काळात कोणत्या तपासण्या? सरकारी आरोग्य केंद्रांत २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी होते, तिथेही हे विचारता येतं. मात्र बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, रक्त गेलं किंवा पाणी गेलं, तर कोणत्याही तारखेची वाट न बघता रात्री-अपरात्रीसुद्धा दवाखाना गाठा.

आणि घरातल्यांना एकच विनंती. ती बोलायला लागली की तिला बोलू द्या. उत्तर ‘थांब’ असं आलं, तरी ते कारणासह तिच्या कानावर पडू द्या. मग ‘कळ काढ’ म्हणायचा आपल्याला हक्क आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)