वाट मोकळी करणारा वीर

शत्रूला मारणाऱ्याचे शौर्य सर्वांना दिसते. सैन्यासाठी वाट मोकळी करणाऱ्याचे शौर्य मात्र धुळीत झाकलेले राहते. कारवारजवळील चेंडिया गावचे रामा राघोबा राणे १९४० साली बॉम्बे सॅपर्समध्ये दाखल झाले व ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले. ८ एप्रिल १९४८ रोजी नौशेरा-राजौरी मार्गावर तोफमाऱ्यात त्यांचे दोन सहकारी धारातीर्थी पडले. स्वतः जखमी होऊनही राणे कामास लागले. सुरुंग काढीत, अडथळे हटवीत त्यांनी रणगाड्यांना राजौरीपर्यंत वाट करून दिली. परमवीरचक्र लाभल्यावरही ते सेवारत राहिले; १९६८ साली मेजर म्हणून निवृत्त झाले. त्यांनी काढलेल्या सुरुंगांमुळे किती प्राण वाचले, याची नोंद मात्र कोणत्याही खतावणीत सापडणार नाही.