बोट बसलं, पण वळेना
(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात केलेलं भाषण)



आरोग्यावर बोला, असा निरोप आला तेव्हा आम्ही दोघांनी कळवलं की आम्ही काही डॉक्टर नाही. त्यावर कार्यवाह म्हणाले, "पण बोट तर तुमच्याच घरातलं निखळलं ना?" तेव्हा आज फक्त अनुभवाचे बोल.

तुमच्यापैकी अनेकजण त्या वेळी मैदानावर होते. उत्सवाआधीच्या क्रिकेटच्या सामन्यात झेल घेताना चेंडू थेट बोटाच्या टोकावर आदळला. उजव्या हाताची अनामिका मधल्या सांध्यातून मागे सरकली आणि बोटाला पायरी पडल्यासारखी दिसू लागली. आरतीला पेटी वाजवणारा हात तोच. एका स्नेह्यांनी मायेनं बोट धरून ओढलं. कट्कन आवाज झाला, बोट सरळ झालं, टाळ्याही पडल्या. आम्ही हसत घरी आलो.

ही आमची पहिली चूक. रात्री बोट इतकं सुजलं की लग्नातली अंगठी सोनाराकडून कापून घ्यावी लागली. चौथ्या दिवशी एक्स-रे काढला, तेव्हा हाडाचा बारीक कपचा निघालेला दिसला. डॉक्टरांनी समजावलं की सांध्याच्या तळहाताकडच्या बाजूला एक जाड, चिवट पडदी असते. बोट मागे निखळताना ती फाटते आणि कधी हाडाचा तुकडाही ओढून नेते. अंगठ्याच्या मुळाशी तर अशी पडदी सांध्यात अडकू शकते. मग ओढाताण केली की प्रकरण शस्त्रक्रियेवर जातं. म्हणून आधी एक्स-रे, मग बोट बधिर करून सांधा बसवायचा आणि बसवल्यावर पुन्हा एक्स-रे, हा क्रम.

आपल्या वडोदऱ्यात जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या प्रो. माणिकरावांची ख्याती तालमीइतकीच हाडं बसवण्यासाठीही होती. त्यांच्या हातामागे वर्षानुवर्षांचा अभ्यास होता. मैदानात धावून येणाऱ्या हातामागे फक्त माया असते.

मग मैदानात करायचं काय? अंगठी लगेच काढा. बोट आहे त्या स्थितीत आधार देऊन ठेवा, हात छातीच्या वर धरा, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावा आणि दवाखाना गाठा. बोट पांढरं किंवा निळं पडलं, बधिर झालं, जखमेतून हाड दिसलं, तर एक क्षणही थांबू नका. चोळणं नको, मालीश तर नकोच.

दुसरी चूक आमच्या भीतीची. डॉक्टरांनी अनामिका शेजारच्या मधल्या बोटाला चिकटपट्टीनं बांधून दिली होती. दोन्ही बोटं मिळून हलवत राहा, असं सांगितलं होतं. आम्हाला वाटलं, हललं की पुन्हा निखळेल. म्हणून घरीच कडक पट्टी लावून बोट दीड महिना ताठ ठेवलं. पट्टी सोडली तेव्हा बोट बसलेलं होतं, पण वळेना. भाताचा घास करता येईना. पेटीवर बोट ठेवलं की एका सुराऐवजी दोन वाजत. त्या वर्षी आरतीला टाळांवरच भागवावं लागलं, हे तुम्हाला आठवत असेल. पेटीचं झाकण आमच्या घरी कित्येक दिवस उघडलं नाही.

पुढचे चार महिने फिजिओथेरपीत गेले. रोज कोमट पाण्यात हात, मग बाकीचं बोट धरून फक्त मधला सांधा वाकवायचा, मग मूठ. एकजण मोजायचा, दुसरा कण्हायचा. दुखणं थोडं चालेल, पण दुसऱ्या दिवशी सूज वाढली तर जोर जास्त झाला असं समजायचं, हे शिकलो. सांधा बसायला एक क्षण लागतो. बोट पुन्हा आपलं व्हायला महिने लागतात.

आज बोट तळहाताला टेकतं. सांधा मात्र जाडच राहिला; तो बहुधा तसाच राहील, असं डॉक्टर म्हणतात. कापलेली अंगठी आम्ही वाढवून जोडून घेतली आहे. ती बोटात घालूनच आज संध्याकाळी पेटीवर बसायचं ठरलं आहे. सूर चुकला तर सांभाळून घ्या, आणि उद्या कुणाचं बोट निखळलं, तर ओढू नका.

गणपती बाप्पा मोरया!