दीर्घिकांची टक्कर आणि कृष्णविवराचे झोत
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर. आकाशाची फक्त हौस. म्हणून एकाच दीर्घिकेबद्दल बोलतो: नरतुरंग तारकासमूहातली सेंटॉरस ए. अंतर सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षे.

फोटोत उजळ गोळा दिसतो आणि त्याच्या मधोमध धुळीचा काळा पट्टा. अशा गोलसर, वयस्क दीर्घिकेत इतकी धूळ सहसा नसते. हिने एक वायूने भरलेली दीर्घिका गिळली, त्याचे हे अवशेष.

हिच्या केंद्रात सूर्याच्या काही कोटी पट वस्तुमानाचे कृष्णविवर आहे. कृष्णविवर सगळेच ओढून घेते, असा आपला समज असतो. तसे नाही! भोवती फिरणारा वायू फिरतच राहतो. आत पडायला त्याची गती मोडावी लागते. आमच्या भाषेत, ब्रेक लागावा लागतो. दोन दीर्घिका एकमेकींत शिरल्या की तारे सहसा आदळत नाहीत, कारण त्यांच्यात अंतरच फार. वायूचे ढग मात्र आदळतात, ओढाताणीत त्यांची फिरकी जाते आणि ते केंद्राकडे घसरतात. तिथे घर्षणाने तापून झळाळतात. काही द्रव्य चुंबकीय क्षेत्रामुळे दोन्ही बाजूंना झोतासारखे फेकले जाते. सेंटॉरस एच्या झोतांनी फुगवलेले रेडिओ ढग आपल्याला दिसू शकले असते, तर आकाशात पौर्णिमेचे सोळा-एक चंद्र ओळीने मांडावेत एवढे लांब भरले असते.

मग टक्कर झाली की झोत, असे सरळ गणित आहे का? २०११ साली हबल दुर्बिणीच्या छायाचित्रांतून १४० सक्रिय दीर्घिका तपासल्या, तर ८५ टक्क्यांहून अधिकांत मोठ्या टकरीची खूण नव्हती. उलट २०१५ साली, जोरदार रेडिओ झोत असलेल्या दूरच्या दीर्घिका पाहिल्या, तर जवळजवळ सगळ्या विलीनीकरणातल्या निघाल्या. पण विलीन होणाऱ्या सगळ्याच दीर्घिकांना झोत नसतात. मला पटते ते असे: नुसत्या झळाळीला थोडा वायू पुरतो, तो टकरीशिवायही मिळतो. झोताला बहुधा वेगाने गरगरणारे कृष्णविवर लागते, आणि दोन दीर्घिकांची कृष्णविवरे एक झाली की तसे घडू शकते. हे अजून सिद्ध व्हायचे आहे.

आपण दक्षिणेत राहतो याचा एक फायदा सांगतो. मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास, शहराच्या दिव्यांपासून दूर, दक्षिणेकडे साध्या द्विनेत्री दुर्बिणीतून ही दीर्घिका धुरकट ठिपक्यासारखी दिसते. काळा पट्टा पाहायला मात्र मोठी दुर्बीण लागेल.