गृहशास्त्राचे शिक्षण व आपली कुटुंबे

(धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंब-मेळाव्यात धर्मगुरूंनी केलेले भाषण)



या मंगल प्रसंगी आपल्या मंदिराच्या उभारणीची हकीकत इतर वक्त्यांनी सांगितलीच आहे. आम्ही आज दुसऱ्या एका मंदिराविषयी चार शब्द बोलण्याचे योजिले आहे. ते मंदिर म्हणजे आपले घर. ख्रिस्तसभा कुटुंबास लहानशी ख्रिस्तसभाच मानीत आली आहे. तेव्हा त्याच्या व्यवस्थेचा विचार या मेळाव्यात अस्थानी ठरू नये.

आपल्यांतील काही पदवीधर विवाहित भगिनींनी आम्हांस विचारले की, गृहविज्ञानातील पदव्युत्तर प्रमाणपत्राचा अभ्यास आता करावा काय? त्यांच्या घरून निघालेला उलट प्रश्नही आमच्या कानी आला: “घर चालवावयास प्रमाणपत्र कशाला? आमच्या आयांनी कोणती परीक्षा दिली होती?” प्रश्न रोखठोक आहे, आणि त्यास उत्तर देणे अवश्य आहे.

आपल्या आया अडाणी होत्या असे आम्ही कदापि म्हणणार नाही. वसईच्या वाडीत वाढलेल्या त्या स्त्रीस बियाणे ओळखता येई, भात किती पुरेल याचा अदमास असे, आगोटीपूर्वी सुकी मासळी, मीठ व मसाला यांची बेगमी कशी करावी हे ठाऊक असे. ही विद्या सासूने सुनेस वीस वर्षे शेजारी बसवून शिकविली. परंतु ते घर पिकविणारे होते. आजचे घर विकत घेणारे आहे. वाड्या गेल्या, इमारती आल्या, आणि तांदळापासून पाण्यापर्यंत प्रत्येक वस्तू पैसे मोजून येऊ लागली. विकत घेण्याची विद्या मात्र वारशाने आली नाही. कारण ती पूर्वजांपाशी असण्याचे कारणच नव्हते.

एक उदाहरण घ्या. लग्नकार्यासाठी कोणी एक लक्ष रुपये दोन वर्षांच्या मुदतीने काढतो. सावकार म्हणतो, “व्याज सरसकट १० टक्के.” म्हणजे व्याज २०,००० रुपये, व दरमहा ५,००० रुपयांचे २४ हप्ते. घेणारा समजतो की दर दहाच आहे. परंतु मुद्दल दरमहा फिटत जाते, आणि व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण लाखावर चालते. उरलेल्या मुद्दलावर हिशेब मांडला तर खरा दर सुमारे १८ टक्के पडतो. हे गणित न आल्यामुळे किती घरांची शांती गेली, हे धर्मगुरूस निराळे सांगावे लागत नाही.

हीच उणीव ओळखून या शास्त्राचा पाया घातला गेला. अमेरिकेत एलेन रिचर्ड्स या विदुषीने १८७३ साली मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयातून रसायनशास्त्राची पदवी घेतली. तेथील ती पहिली स्त्री-पदवीधर. तिने आपली विद्या पिण्याचे पाणी व अन्नातील भेसळ तपासण्याकडे लाविली. १८९९ साली लेक प्लॅसिड येथे भरलेल्या परिषदेत तिच्या पुढाकाराने गृह-अर्थशास्त्रास विद्येचे रूप आले. १९९३ साली त्याच विषयास तेथे ‘कुटुंब व ग्राहक शास्त्रे’ हे नाव देण्यात आले. नावात ‘ग्राहक’ हा शब्द आला, यातच आम्ही वर सांगितलेला बदल दिसतो. आपल्या महाराष्ट्रात धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले, तेव्हा मातृभाषेतून शिक्षण व गृहजीवनास उपयोगी विषय यांस मानाचे स्थान दिले. दिल्लीचे लेडी आयर्विन कॉलेज १९३२ सालचे. मुंबईत मरीन लाइन्स येथील निर्मला निकेतनचे गृहविज्ञान महाविद्यालय तर आपल्याच धर्मभगिनींच्या संघाने उभारिलेले आहे.

या अभ्यासात आहारशास्त्र, बालकांची वाढ, वृद्धांची शुश्रूषा, कुटुंबाचा जमाखर्च, वस्त्रांची परीक्षा व ग्राहकाचे हक्क असे विषय येतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली वकिलाशिवायही जिल्हा आयोगापुढे दाद मागता येते, आणि वस्तूपोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीस शुल्क पडत नाही. ही गोष्ट ठाऊक असलेली एक स्त्री आळीत असली, तर साऱ्या आळीचा पाठीराखा होते.

तथापि दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. प्रमाणपत्र मिळाले म्हणजे नोकरी मिळालीच असे नव्हे. ती आशा मनी धरून कर्ज काढू नये. तसेच जाहिरातीस भुलू नये. संस्थेस विद्यापीठाची मान्यता आहे काय हे आधी पाहावे. वसईहून मुंबईस रोजची गाडी ज्यांस झेपत नाही, त्यांनी मुक्त विद्यापीठाचे घरबसल्या होणारे अभ्यासक्रम पाहावेत.

आता पुरुषमंडळींस व वडीलधाऱ्यांस आमची विनंती. पहाटेचा डबा, मुलांचा अभ्यास, आजाऱ्याचे औषध हे सर्व पूर्वीइतकेच तिने करावे, आणि रात्री अकरानंतर पुस्तक उघडावे, अशी परवानगी ही परवानगी नव्हे. पतीने संध्याकाळचे दोन तास घर सांभाळिले, सासूबाईंनी नातवंडे जवळ घेतली, तरच ही विद्या घरात येईल. जी विद्या घराकरिता आहे, तिची किंमत घराने मिळून द्यावी, हाच न्याय.

प्रभूने पाच हजारांस तृप्त केल्यावर उरलेले तुकडे गोळा करण्यास सांगितले, व बारा टोपल्या भरल्या. ज्याला भाकरी वाढविता येत होती, त्यानेही तुकडा वाया जाऊ दिला नाही. मग मोजक्या मिळकतीवर जगणाऱ्या आपणांस काटकसर ही भक्तीहून वेगळी कशी म्हणता येईल?

म्हणून आमची सूचना अशी की, या महोत्सवाच्या शिल्लक निधीतून दरवर्षी एका भगिनीच्या अभ्यासाचे शुल्क द्यावे. अट एकच: अभ्यास पुरा झाल्यावर तिने महिन्यातील एक रविवार मिस्सानंतर सभागृहात बसून, येईल त्यास हप्त्याचे, आहाराचे वा तक्रारअर्जाचे मार्गदर्शन करावे. पुढील पंचवीस वर्षांत अशा पंचवीस भगिनी झाल्या, तर सुवर्णमहोत्सवास आपल्या घरांची हकीकत आनंदाने सांगता येईल.

नाझरेथच्या पवित्र कुटुंबाचा आशीर्वाद आपणां सर्वांच्या घरांवर राहो, हीच प्रार्थना.