ताप कुठला, कितव्या दिवसाचा?



कसाऱ्याहून पहाटेची लोकल धरून कल्याण-मुंबईला कामाला जाणारे आपल्या शहापूर तालुक्यात पुष्कळ. वीटभट्टीवर गेलेली कुटुंबं पावसाच्या तोंडावर पाड्यावर परततात. यांतलं कुणी तापानं फणफणून आलं, तर तपासणाऱ्यानं आधी दोन गोष्टी विचाराव्यात: गेले पंधरा दिवस कुठं होतात? आणि अंग नेमकं कधी तापलं?

डेंग्यूचा डास चावल्यापासून ताप यायला साधारण चार ते दहा दिवस लागतात. त्यामुळे ताप कसाऱ्यात चढला, तरी डास भिवंडीत चावलेला असू शकतो. तापाचा दिवस तर फारच महत्त्वाचा. पहिल्या पाच दिवसांत रक्तात डेंग्यूच्या विषाणूचं एनएस-वन हे प्रथिन सापडतं, पुढे ते ओसरतं आणि आयजीएम प्रतिपिंडांची तपासणी करावी लागते. आठव्या दिवशी फक्त एनएस-वन केली, ती निगेटिव्ह आली, म्हणून डेंग्यू नाहीच असं कुणी सांगितलं तर मानू नका. मलेरियासाठी रक्ताचा नमुना मात्र प्रत्येक तापात द्यायचाच.

एक आजार सापडला म्हणून शोध थांबवू नये. २०२१च्या जुलैत पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला तापाची साथ होती. नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं तपासले, तेव्हा एका महिलेच्या रक्तात चिकुनगुन्यासोबत झिकाही निघाला. महाराष्ट्रातला झिकाचा तो पहिला रुग्ण. लक्षणांवरून डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका हे तिन्ही आजार वेगळे काढणं अवघड. चिकुनगुन्यात सांधे जास्त धरतात, झिकात डोळे लाल होतात, एवढ्यावर निदान होत नाही.

ताप घेऊन आलेल्या माणसाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा, कारण हे तिन्ही आजार पसरवणारा डास दिवसा चावतो. तानसा, भातसा ही धरणं आपल्या तालुक्यात, तरी उन्हाळ्यात पाड्यांवर टँकरचं पाणी पिंपात साठवावं लागतं. हा अन्यायच आहे, आणि त्याच स्वच्छ पाण्यात हा डास अंडी घालतो. पिंप झाकून ठेवा, आठवड्यातून एकदा घासून कोरडं करा.

तापात पॅरासिटामॉलच घ्या. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. डेंग्यूचे धोक्याचे दिवस तेव्हाच सुरू होतात. पोट खूप दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, तर रात्र असली तरी शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय गाठा. तिथं डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी कुठून आलात आणि ताप कितव्या दिवसाचा आहे, हे तुम्ही स्वतःहून सांगा.