तबकडीची मागली बाजू

श्रोतेहो, गाजलेल्या गाण्याची स्तुती सारेच करतात. मागे राहिलेल्या गाण्याची विचारपूस क्वचितच कोणी करतो. आज अशाच एका गाण्याविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत.

'बीटल्स' या इंग्रज चौकडीची 'लेडी मॅडोना' ही तबकडी मार्च १९६८ मध्ये निघाली. पुढली बाजू जगभर वाजली. मागल्या बाजूस जॉर्ज हॅरिसन यांचे 'दि इनर लाइट' हे गाणे होते; ते पुष्कळांच्या कानांवरून तसेच गेले.

या गाण्याचे वादन विलायतेत नव्हे, आपल्या मुंबईत झाले. जानेवारी १९६८ मध्ये 'वंडरवॉल' या चित्रपटाच्या संगीताकरिता हॅरिसन येथील एचएमव्हीच्या ध्वनिमुद्रणगृहात आले होते. रस्त्यावरील मोटारींचा आवाज आत शिरे, आणि कचेऱ्या सुटल्या की मुद्रण थांबवावे लागे. त्याच मुक्कामात हे वादन मुद्रित झाले. शब्द फेब्रुवारीत लंडन येथे गाइले गेले.

गाणे अडीच मिनिटांहून किंचित मोठे. आरंभी सरोद व पखवाज द्रुत गतीने धावतात. मग एकाएकी सारे निवळते, पेटीचा स्वर स्थिर होतो, आणि बासरीच्या सोबतीने आवाज येतो. हा आवाज बारीक आहे. त्यात तान नाही, हरकत नाही. आपल्या गवयास तो कच्चा वाटेल. परंतु धावणारी वाद्ये आणि थांबलेला गळा या विरोधातच गाण्याचा अर्थ साठविला आहे. घराचा उंबरठा न ओलांडताही जग जाणता येते, हा 'ताओ ते चिंग' या चिनी ग्रंथातील विचार त्यात गाइला आहे. मौज अशी की, तो सांगण्याकरिता गाणाऱ्यास लंडनहून मुंबई गाठावी लागली!

एक उणीव मात्र मनास बोचते. तबकडीवर नाव होते ते बीटल्सचे. वाजविणाऱ्या आपल्या कलावंतांचे नव्हते. आशिष खाँ, महापुरुष मिश्र यांच्यासारखे गुणी वादक त्या बैठकांत होते, हे मजसारख्यास फार उशिरा कळले.

पण दुसऱ्यास दोष कोणत्या तोंडाने द्यावा? सातपुड्यातील काठीची होळी मी कित्येक वर्षे पाहिली. रात्रभर घुमणाऱ्या त्या प्रचंड ढोलांचे वर्णन वर्गात मुलांपुढे रंगवून केले. परंतु ढोल वाजविणाऱ्या एकासही त्याचे नाव विचारले नाही. आता गुडघे डोंगर चढू देत नाहीत. दाराशी बसून हे गाणे ऐकतो, तेव्हा तो प्रश्न पुन्हा समोर उभा राहतो. घरबसल्या जग कळत असेलही. पण माणसाचे नाव मात्र त्याच्यापाशी जाऊनच विचारावे लागते.

तेव्हा श्रोतेहो, तबकडी एकदा उलटून ऐका, आणि वाजविणारा कोण, हेही विचारा.